आत्याला दोनच लिटर सांगितला होता

त्या दिवशी दुपारी तीनच्या टायमाला काकासाहेब मामांनी आत्याच्या नाकातली ऑक्सिजनची नळी काढली आन् घरून पिशवीत आणलेला मास्क तिच्या तोंडावर चढवला. भिंतीवरचा नॉब फिरवला. काचेच्या नळकांड्यातली गोटी दोनवर होती, ती दहावर गेली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. डोक्यावर पदर होता. मी काय बोलली नाय.

हे मी पयलंच सांगून टाकती. कारण आपल्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर मामांनी दहाव्याच्या दिवशी हारवाल्या फोटोखाली जे टाकलं, त्यात हे नाय. त्यात असं हाय की आमची ताई आशाबाई हिने नर्स म्हणून आयुष्यभर रुग्णसेवा केली आणि एका नर्सच्या हलगर्जीपणामुळे तिचा बळी गेला. एकसष्ट जणांनी खाली हात जोडले. इचारलं एकानं बी नाय.

आशाबाई माझी सासू. मी तिला आत्या म्हणायची. काकासाहेब तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामासासरे, गंगापूरकडं राहत्यात. मी सातवी शिकलेली. मला लिहायचं वळण नाय, बोलल्यासारखं टाईप करती. ज्याला वाचायचं त्यानं वाचा, ज्याला राग येईल त्यानं ग्रुप सोडा.

पयली गोष्ट, आत्या नर्स नव्हती. मावशी होती. दवाखान्यात मावशी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक हाय. पेशंटचं भांडं द्यायचं, काढायचं, धुवायचं, चादर बदलायची, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवायचं, मेलेल्याला गुंडाळायचं. सव्वीस वर्षं तिनं हे केलं. हर्सूलच्या आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर तो दवाखाना. नाव लिहीत नाय, कारण चूक दवाखान्याची नव्हती. मामांना मावशी म्हणायची लाज वाटायची. गंगापूरला सोयरिकीत कोणी इचारलं की म्हणायचे, ताई शहरात नर्स हाय. आन् आमच्या घरी आले की बसायचे खुर्चीच्या टोकावर, पाणी प्यायचे नाय. माझं लगीन होऊन चौदा वर्षं झाली, चौदा वर्षांत मी त्यांना आमच्या घरचं घोटभर पाणी पिताना पाह्यलं नाय. पयल्यांदा मी ताट वाढून आणलं तवा आत्यानं मला डोळ्यानं खुणावलं, ठेव माघारी. ते गेल्यावर म्हणली, "त्याला वाटतं मी त्याच हातानं पीठ मळती. मळती मंग. हात काय दोन जोड हायेत का माझ्याकडं."

ह्याच भावाला तिनं कडेवर वाढवला. तो रांगत होता तवा आई गेली. आत्या तवा नऊ वर्षांची.

दवाखान्याच्या आधी दहा वर्षं ती वाळूजला एका खाणावळीत भाकऱ्या थापायची. कंपनीतल्या पोरांची खाणावळ, पत्र्याची खोली, खिडकी एक, ती बी बंद, कारण बाहेर नाली. लाकडाच्या भुशाची शेगडी. भुसा ठासून भरायचा आन् पेटवायचा, तो दिवसभर धुमसतो. सकाळी साठ माणसांच्या, संध्याकाळी साठ माणसांच्या भाकऱ्या. सासरे तवाच अपघातात गेले, सार्थकचे पप्पा तवा चार वर्षांचे. सार्थकचे पप्पा म्हणजे माझा नवरा गोकुळ, लिहायचं म्हणून नाव घेती. ते सांगत्यात, आई घरी यायची तर तिच्या केसांना धुराचा वास, न्हाली तरी जायचा नाय. विडी कधी ओढली नाय तिनं. तरी डॉक्टरनं छातीचा फोटो काढला तवा म्हणले, मावशी, तुमचं फुफ्फुस विडी ओढणाऱ्या माणसापेक्षा काळं हाय.

वॉर्डात ती सगळ्यांच्या वरची होती. जीभ लई फाटकी. डॉक्टरला बी सोडायची नाय. पण ऑक्सिजनचं तिला असं कळायचं की नव्या सिस्टर पोरी आधी तिच्याकडं यायच्या. भिंतीवरच्या बाटलीतलं पाणी कसं बुडबुडतं त्या आवाजावरून सांगायची, गोटी कितीवर हाय. पेशंटला नळी लावायच्या आधी सिस्टर ती तिच्या हातात द्यायच्या, आन् ती स्वतःच्या गालाजवळ धरून बघायची, वारा येतो का. मंगच म्हणायची, लाव. म्हणायची, "नळी नाकात असली म्हणजे ऑक्सिजन चालू हाय असं कोणी सांगितलं. गाल खोटं बोलत नाय." कानामागं नळीनं कातडं सोलतं म्हणून कापसाची घडी ठेवायची. मास्क नाकाच्या हाडावर रुतला का ते बोट घालून बघायची. पेशंटच्या ओठाला कोणी व्हॅसलीन न्हायतर तेल चोपडलं की पुसून काढायची, म्हणायची ऑक्सिजनजवळ तेल नाय चालत, पेट घेतं. एकदा एका पाव्हण्यानं कपाटावर देवाचा फोटो ठेवून उदबत्ती लावली. वर ऑक्सिजन चालू. आत्यानं ती उदबत्ती उचलली आन् त्याच पाव्हण्याच्या चहाच्या कपात बुडवली. तो म्हणला, "मावशी, देवाचं हाय." आत्या म्हणली, "देवाला कळतंय, तुलाच कळंना."

आन् पट्टी. सलाईनची सुई चिकटवायची ती पांढरी पट्टी. आत्या तिचा तुकडा दातानं तोडायची, त्यावर डॉक्टरनं सांगितलेला आकडा बॉलपेननं लिहायची, सिस्टरला दाखवायची आन् नॉबवर आडवी चिकटवायची. कारण नातेवाईक नॉब फिरवायचे. कोणी मायेनं वाढवायचा, कोणी संपंल म्हणून कमी करायचा. पट्टी फाटली की तिला कळायचं आन् मंग त्या पाव्हण्याची काय खैर नाय. वॉर्डात त्या पट्टीला आशामावशीची पट्टीच म्हणायचे. डॉक्टर बी म्हणायचे, पट्टी लावली का.

मला घरी भाकरी करता करता सांगायची. "सुरेखा, धुरानं फुफ्फुस गेलेला पेशंट असला ना, त्याला लई ऑक्सिजन द्यायचा नाय. त्याचं अंग कमीवर जगायला शिकलेलं असतं. जास्त दिला की आतला घाण वारा बाहेर पडत नाय, आतच साठतो. मंग पेशंट गुलाबी दिसतो. हात गरम. गोड झोपतो. नातेवाईक म्हणत्यात, आराम पडला. आन् तो जातो." हे मी शंभरदा ऐकलेलं हाय. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाय.

कोरोनात मामांनी गंगापूरला शाळंत सिलिंडर लावून पंधरा-वीस माणसं ठेवली होती. ते काम त्यांनी केलं, ते मी नाकारत नाय. मामीला बी त्यांनीच वाचवलं. पण नॉब कुठल्या अंगाला फिरवायचा, गोटी म्हणजे काय, मास्कची पिशवी फुगलेली पाह्यजे, हे सगळं त्यांना आत्यानं फोनवर शिकवलं. रोज सकाळी फोन यायचा, ताई आता काय करू. तवा तिच्या हाताची घाण आठवली नाय. कोरोना सरला, फोन सरले. मामांकडं ते बोटाला लावायचं मशीन राह्यलं, नाडी आन् ऑक्सिजन दाखवतं ते. शर्टाच्या खिशात, दोरीला बांधून. लग्नात, मयतीला, कुठं बी कोणाच्या बी बोटाला लावत्यात आन् म्हणत्यात, पंच्याण्णवच्या खाली गेला की माणूस गेला.

आता त्या दिवसाचं सांगती.

आत्याला दम लागून दवाखान्यात टाकलं त्याला चार दिवस झालते. तिच्याच वॉर्डात, खिडकीजवळचा पलंग. सोनिया सिस्टर ड्युटीवर. ती कन्नड तालुक्यातली, पंचवीस-सव्वीसची. वॉर्डात आली तवा आत्यानंच तिला पयल्या महिन्यात शिकवलेलं. आत्या तिला सोने म्हणायची. भरती केलं त्या दिवशी सोनियानं नॉब दोनवर लावला आन् पट्टी तोडली तर आत्या म्हणली, "आण इकडं सोने. माझी पट्टी मी लिहिती." दोनचा आकडा असा वाकडा आला की सोनिया हसली. "मावशी, हा दोन हाय का पाच." "तुला कळला ना. मंग लाव."

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. बोटाला मशीन लावलं, एकोणनव्वद. डॉक्टर म्हणले, छान. असंच राह्यलं तर दोन-तीन दिवसांत घरी. आत्या टेबलावर उशी ठेवून, पुढं वाकून बसली होती, तिला तसंच बरं वाटायचं. मी इचारलं, "कसं वाटतंय आत्या." म्हणली, "गाभण म्हशीसारखं. भाकर आणली का." अर्धी भाकर खाल्ली, ठेच्यासंगं. नाकातली नळी तशीच ठेवून खाता येतं, म्हणून तिला नळीच बरी वाटायची.

सार्थकचे पप्पा सेकंड शिफ्टला वाळूजला गेले. अडीच वाजता मामा आले, गंगापूरचे दोन माणसं घेऊन, जीप करून. मी पदर घेतला आन् पायथ्याशी सरकली. आमच्याकडं सून मामासासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाय. कोणी नेम लिहून दिलेला नाय, पण हाय.

मामांनी खिशातून मशीन काढलं, आत्याच्या बोटाला लावलं.

"एकोणनव्वद," मामा म्हणले. "आन् तुम्ही काय बघत बसले का इथं. सिस्टर. ओ सिस्टर."

सोनिया आली. "काय झालं आजोबा."

"आजोबा कोणाला म्हणती गं. एकोणनव्वद हाय हिचा. वाढव तो."

"काका, मावशींना एवढाच पाहिजे. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठेवायचं सांगितलंय डॉक्टरांनी."

"कोरोनात सतरा माणसं उभी केली मी. तवा तू शाळंत असशील."

"कोरोनाचं वेगळं होतं काका. ह्यांचं फुफ्फुस धुरानं जुनं झालेलं. ह्यांना जास्त दिला तर झोप चढते आणि श्वास कमी होत जातो. हे बघा, पट्टी लावलीय. हात लावू नका."

"नळी लावली नाकात," मामा त्यांच्या माणसांकडं बघून म्हणले. "नळी म्हणजे गरिबाचं काम. थेंब थेंब देत्यात. मास्क पाह्यजे. आमच्या घरच्यांना मास्क होता म्हणून त्या आज दिसू राहिल्या."

आत्यानं मान वर केली. दम खात खात बोलली, "काक्या. बस खाली. त्या नॉबला हात लावला तर हात मोडीन."

सगळे हसले. मामा बी हसले. म्हणले, "बघा, भांडायला दम हाय तिला." सोनिया बी हसली, आन् तेवढ्यात तिला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं, नवीन पेशंट आला होता, त्याला झटके येत होते. त्या दिवशी बावीस पेशंटला ती एकटी होती.

आत्या उशीवर डोकं टेकून जराशी पेंगली. चार रात्री झोप नव्हती तिला. मामांनी पिशवीतून मास्क काढला. मामीचाच, कोरोनातला, धुऊन प्लास्टिकमधी ठेवलेला, खाली पिशवीवाला. तो त्यांनी येतानाच संगं आणला होता. म्हणजे बघून मंग ठरवलं असं नव्हतं. पट्टी सोलली, गोळी करून खाली टाकली. नळी काढली, मास्क जोडला, नॉब फिरवला.

आत्या जागी झाली. हात मास्ककडं नेला. मामांनी तो हात धरला, मायेनंच धरला, म्हणले, "राहू दे ताई. आता आराम पडंल." आत्यानं माझ्याकडं बघितलं. मास्कच्या वरून नुसते डोळे. तिला बोलता येत नव्हतं, पण मला सांगत होती की तू बोल. मी खाली बघितलं.

थोड्या टायमानं तिचा दम खाली बसला. मामांनी मशीन लावलं, अठ्ठ्याण्णव. ते आकडा सगळ्यांना दाखवत फिरले, शेजारच्या पलंगावाल्यांना बी. "पाच मिनिटांत. बघा. चार दिवस काय करू राहिले होते हे लोक." मोबाईल काढून फोटो घेतला आन् ग्रुपवर टाकला. ताईचा ऑक्सिजन ९८, काळजी नसावी. तीन वाजून बारा मिनिटं. मंग पडदा ओढून घेतला, म्हणले झोपू द्या तिला.

ती झोपली. तोंड गुलाबी झालं. मी हात धरला, गरम. बोटं मधीच फडफडत होती. शेजारच्या पलंगावरची मनकर्णाबाई पडद्याच्या फटीतून म्हणली, "बाई, तुझ्या सासूच्या तोंडावर लाली आली गं." मामा म्हणले, "येणारच." मी हळूच हाक मारली, आत्या. पयल्यांदा हूं म्हणली. दुसऱ्यांदा नाय. मी चहाचं नाव करून बाहेर आली. सोनिया त्या झटक्याच्या पेशंटजवळ होती, डॉक्टर बी तिथंच, चार माणसं त्याला धरून. मी दारात उभी राह्यली. मला वाटलं ती बघंल माझ्याकडं. तिनं बघितलं नाय, मी हाक मारली नाय. मंग मी माघारी आली. चहा बी आणला नाय. मामा म्हणले, "चहा कुठाय."

साडेचारला सोनिया आली. मामांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू. झोपली हाय. अठ्ठ्याण्णव हाय आता."

दुसऱ्या कोणत्या पेशंटचा अठ्ठ्याण्णव ऐकला असता तर सिस्टर खुश झाली असती. सोनियाचं तोंड पांढरं पडलं. "अठ्ठ्याण्णव कसा," म्हणली, आन् पडदा असा ओढला की कड्या निसटल्या. तिनं मास्क काढून नळी लावली, गोटी दोनवर आणली, एकदम बंद नाय केला. आत्याच्या छातीवर मुठीनं घासलं. "मावशी. ए मावशी. डोळे उघडा. मी सोनी." आत्या कण्हली बी नाय.

डॉक्टर पळत आले. मनगटातून रक्त काढून तपासलं. मंग एक मशीन आणलं, त्याचा घट्ट पट्ट्याचा मास्क तोंडावर बांधला. मामा म्हणले, "आता तुम्ही बी मास्कच लावला ना. मंग मी काय वेगळं केलं." डॉक्टर म्हणले, "हे मशीन आतला वायू बाहेर काढायला लावलंय. तुम्ही जे केलं त्यानं तो साठला." मामांना ते कळलं का नाय मला माहीत नाय. कळलं असंल असं मला वाटतं, कारण त्यांनी तो मामीचा मास्क पलंगावरून उचलला, घडी केली आन् पिशवीत टाकला. मी खाली वाकली, पलंगाखालची पट्टीची गोळी उचलली आन् मुठीत धरली. दोघांनी बी आपापलं उचललं.

सहा चाळीसला आत्या गेली.

मामा लई रडले. खोटं नाय रडले. भिंतीला डोकं लावून ताई ताई करत रडले. आन् अर्ध्या तासानं सोनियाच्या अंगावर गेले. दीड तास ही बाई फिरकली नाय, हिनंच नॉब वाढवून ठेवला आन् निघून गेली, माझी बहीण मारली, म्हणले. गंगापूरच्या दोघांनी मान हलवली. सोनिया माझ्याकडं बघत होती. त्या एका दिवसात दोन बायांनी माझ्याकडं तसं बघितलं.

रात्रीतून ग्रुपवरचा तो फोटो मामांनी काढून टाकला. पण ज्यांच्या मोबाईलमधी उतरला त्यांच्या मोबाईलमधी तो हाय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडं असंल. बघा उघडून. गोटी दहावर दिसती. नॉबवर पट्टी नाय. आन् पलंगाच्या दांडीवर एक हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा. तो माझा.

नॉब कोणी फिरवला ते डॉक्टरांनी बी डोळ्यानं बघितलेलं नव्हतं, म्हणून चौकशी होईस्तोवर सोनियाला घरी बसवलं. मला हे सातव्या दिवशी कळलं. आठव्या दिवशी सुतक असताना मी दवाखान्यात गेली, मेट्रनबाईच्या खोलीत. मेट्रनबाई आत्याच्या बरोबरीच्या, जुन्या. मी मोबाईल त्यांच्या पुढं ठेवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा काढून बघितला.

"हे कुणी केलं?"

"मामांनी. तिच्या भावानं."

"तुम्ही तिथं होता?"

"हा हात माझा हाय."

"आशानं तुम्हाला सांगितलं नव्हतं कधी, जास्त दिल्यावर काय होतं ते?"

"सांगितलं होतं."

"मग नॉब खाली का नाही केलात?"

मी म्हणलं, "ते मामासासरे हायेत."

मेट्रनबाईंनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद दिला, म्हणल्या लिहा. मी लिहिलं, दीड पान. मी बघत होती आन् गप बसली, हे बी लिहिलं. अंगठा नाय, सही केली. फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवला.

दहावा कायगावला झाला. तिथंच मामांनी घाटावर बसून तो मजकूर ग्रुपवर टाकला, तो जो तुम्ही वाचला. बाराव्या दिवशी ते आमच्या घरी आले, एकटेच, सकाळी. हातात टाईप केलेला कागद. सार्थकच्या पप्पांच्या पुढं ठेवला. सोनियाची नोकरी काढून घ्या, तिच्यावर गुन्हा दाखल करा, असा अर्ज. मुलाची सही पाह्यजे म्हणले, भावाच्या सहीला वजन नाय.

सार्थकच्या पप्पांनी पेन घेतला. त्यांना मी तवरोक काय सांगितलं नव्हतं. त्यांच्या बापामागं मामांनीच त्यांना कंपनीत चिटकवलं, लगीन लावलं. त्या माणसाला ते नाय म्हणत नाय. मी स्वयंपाकघराच्या दारात होती.

मी म्हणलं, "सही करू नका."

दोघांनी बी वर बघितलं. चौदा वर्षांत मामांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

मामा म्हणले, "गोकुळ, बायकांचं काय काम इथं."

मी म्हणलं, "मामा, तुमचा मास्क कुठाय."

"कोणता मास्क."

"मामींचा. धुतलेला. ह्यांना सांगा, तुम्ही तो पिशवीत घालून कामून आणला होता."

मी मोबाईल सार्थकच्या पप्पांच्या हातात दिला. पट्टी मोबाईलच्या कव्हरमधी ठेवली होती, ती बी काढून दिली. तिचा चुरगाळा होता, पण दोनचा आकडा दिसत होता. आईचं अक्षर त्यांनी वळखलं. खाणावळीत ती उधारीच्या वहीत दोन असाच घालायची, म्हणले. फोटो मंग बघितला.

"मामा," म्हणले, "हे खरं हाय का."

मामा म्हणले, "अठ्ठ्याण्णव झाला होता रे. तू नव्हता तिथं. अठ्ठ्याण्णव झाला होता."

मी म्हणलं, "तिनं हात मोडीन म्हणलं होतं तुम्हाला. तुम्ही हसले. मास्क काढायला तिनं हात वर केला, तो तुम्ही धरला. मी बघितलं. मी बी तितकीच गुन्हेगार हाय, ते मी मेट्रनबाईला लिहून देऊन आली. सोनिया सोमवारपासून कामावर हाय. हा कागद कोणाच्या नावानं करायचा ते आता तुम्हीच बघा."

सार्थकच्या पप्पांनी पेन खाली ठेवला. उठले आन् बाहेर जाऊन पायरीवर बसले, आमच्या दोघांकडं बी पाठ करून. माझ्याशी ते अजून बी नीट बोलत नाय. बरोबर हाय त्यांचं.

मामांनी कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, आणखी एकदा, इतकी लहान की पुढं घडी पडंना. खिशात घातला. त्याच खिशात ते बोटाचं मशीन होतं, दोरी बाहेर लोंबत होती. उठतील असं मला वाटलं, पण उठले नाय. खुर्चीत मागं टेकून बसले, आमच्या घरात ते कधी मागं टेकून बसले नव्हते. तोंड कोरडं पडलेलं दिसत होतं, ओठ चिकटत होते.

म्हणले, "सुरेखा. पाणी दे जरा."

मी जागची हलली नाय. आत्याचा माठ खिडकीखाली तिथंच हाय, तिनंच पुसून ठेवलेला, वर तिचाच तांब्या पालथा.

"माठ तिथं हाय," मी म्हणलं. "घ्या."

मामा उठले. तांब्या सरळ केला, माठात बुडवला. उभ्यानंच, तोंड लावून, सगळा प्यायले.